नोंदीखालचं बारीक नाव

गेल्या अंकात ‘चू-त्से यू-लेइ’ या चिनी ग्रंथाची ओळख करून दिली होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला आचार्य चू शी (११३०–१२००) शिष्यांशी जे बोलला ते शिष्यांनी टिपून ठेवलं आणि ली चिंग-ते याने ते सगळं विषयवार लावून १२७० मध्ये १४० भागांत प्रसिद्ध केलं. लाओत्सेपासून सू तुंग-पोपर्यंत आधीच्या विचारवंतांवर आणि लेखक-कवींवर चू शीने दिलेले निवाडे त्यात आहेत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात आठ जण आहेत, दर रविवारी दोन तास बसतो. १४० भाग कुठून आणि कसे वाचायचे? चिनी कुणालाच येत नाही. (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. पहिले सहा भाग विश्वाचं तत्त्व, पितर आणि भुतंखेतं, मनुष्यस्वभाव अशा विषयांवर आहेत. पूर्वतयारी नसेल तर तिथेच निम्मे लोक यायचे थांबतील. मधला फार मोठा पट्टा, १४ पासून ९२ पर्यंतचा, जवळजवळ सगळा कन्फ्यूशियस आणि त्याच्या परंपरेतला मेन्शियस यांचे ग्रंथ आणि इतर प्राचीन ग्रंथ यांच्या चर्चेचा आहे. मूळ ग्रंथ समोर नसेल तर तो वाचून हाती काही लागत नाही.

तुम्हाला निवाडे हवेत, तर शेपटाकडून शिरा. आधी १४० (कविता), मग १३९ (गद्यलेखन), मग १३७ (जुन्या राजवटींतले विचारवंत), त्यानंतर १२५ (लाओत्से आणि च्वांगत्से) आणि शेवटी १२६ (बौद्ध). कवितेपासून सुरुवात अशासाठी की तिथे निवाडा तपासायला तत्त्वज्ञान लागत नाही, कविता लागते, आणि ती पाच मिनिटांत वाचून होते. उदाहरणार्थ, ताओ युआन-मिंगच्या कविता साध्या, शांत आहेत असं सगळे म्हणतात. चू शी म्हणतो, मला तर हा माणूस धडाडीचा दिसतो, फक्त ती धडाडी आपल्या लक्षात येत नाही. आणि पुरावा म्हणून तो चिंग खे या मारेकऱ्यावरच्या कवितेकडे बोट दाखवतो. मंडळात आधी ती कविता वाचा, नंतर ताओच्या दोन शेतीवाडीच्या कविता, आणि मग निवाडा. हा क्रम उलटा केलात की सगळ्यांना चू शीचंच पटतं, कारण तोवर स्वतःचं मत कुणी बनवलेलंच नसतं.

थांग काळातला कवी तू फू याच्यावरचा निवाडा वादाला जास्त चांगला आहे. क्वेइचौ या गावी जाण्यापूर्वीच्या तू फूच्या कविता उत्तम, नंतरच्या त्याने स्वतःच्या साच्यात घडवल्या, त्या कुणी गिरवू नयेत, असं चू शीचं म्हणणं. क्वेइचौच्या कवितांचं लोक एवढं कौतुक का करतात ते आपल्याला कळत नाही, असंही तो सांगून टाकतो. आज बहुतेक जाणकार नेमक्या त्या उत्तरकालीन कवितांनाच शिखर मानतात. आमचं मतही चू शीच्या विरुद्ध आहे. पण तो ‘वाईट’ म्हणत नाही, ‘गिरवू नयेत’ म्हणतो, हे सुटू देऊ नका. समोर लिहायला शिकणारी मुलं बसली होती. त्याच काळातल्या ली पो या कवीबद्दल मात्र तो प्रचलित मत मोडतो: ली पोला नियम नाहीत हे खोटं, तो नियमांच्या आतच आरामात वावरतो.

एका बैठकीला दहा-बारा नोंदींपेक्षा जास्त घेऊ नका. नोंदी दोन ओळींच्याही असतात, त्यामुळे पन्नास उरकाव्यात असा मोह होतो. मग कुठलीच आठवत नाही.

भाषेचं म्हणाल तर डॅनियल गार्डनर यांचा १९९० चा इंग्रजी अनुवाद भाग ७ ते १३ मधून निवडलेला आहे. त्यात निवाडे नाहीत, पण १० आणि ११ हे भाग ‘पुस्तक कसं वाचावं’ यावर आहेत, तेवढे दोन रविवार आधी घ्या. बाकीचा चिनी मजकूर ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’वर मिळतो. यंत्राचा अनुवाद वापरणार असाल तर एक धोका आहे: हा मजकूर ग्रंथभाषेत नाही, सुंग, म्हणजे चू शीच्याच, काळातल्या बोलीत आहे. चू शी स्वतःचा उल्लेख ‘अमुक’ असा करतो. यंत्र त्याचं ‘कोणीतरी असं म्हणतं’ करून टाकतं आणि आचार्याचं स्वतःचं मत परक्याच्या खाती जमा होतं. असं वाक्य दिसलं की मूळ अक्षर तपासा.

ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना दोन्ही रोमन लेखनपद्धती वापरा. जुन्या पद्धतीत चू शी ‘सी-एच’ने सुरू होतो, नव्या पद्धतीत ‘झेड-एच’ने. एकाच पद्धतीने शोधलं तर निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक वाक्य आलं : ‘श्युन्त्सेला पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीच कळलं नव्हतं. – चू शी’. खरंच असं म्हणाला का? म्हणाला असेल तर एवढा मोठा आचार्य इतकं सरसकट कसं बोलतो? (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : म्हणाला. भाग १३७ मध्ये आहे. पण फिरतंय ते वाक्याचं तोडलेलं टोक.

मूळ नोंदीत श्युन्त्से हा प्राचीन विचारवंत एकटा नाही, त्याच्यानंतरचा यांग श्युंगही आहे, आणि विषय मनुष्यस्वभावाचा आहे. श्युन्त्से म्हणतो माणूस स्वभावतः वाईट. यांग श्युंग म्हणतो चांगलं-वाईट मिसळलेलं. चू शी मेन्शियसचा पक्ष घेणारा, म्हणजे स्वभाव मुळात चांगला. शिवाय श्युन्त्से आणि यांग यांच्याबद्दल थांग काळातला लेखक हान यू (७६८–८२४) ‘पुष्कळसे शुद्ध, थोडे डाग’ असं उदारपणे लिहून गेला होता आणि शिष्यांना ते पाठ होतं. या भागात चू शी पुन्हा पुन्हा त्या उदार शेऱ्याशी झगडतो आहे. म्हणजे टोला श्युन्त्सेला बसला तरी निम्मा रोख हान यूवर आहे.

त्याच भागात पुढे पाहा. यांग श्युंग वाचूच नका, त्याच्या बोलण्यात ठोस काही नाही, असं सांगताना चू शी म्हणतो की श्युन्त्से चुकला आहे, पण जिथे बरोबर आहे तिथे भरीव आहे, यांगसारखा नुसता फुगलेला नाही. आणखी एके ठिकाणी श्युन्त्सेची दोन वाक्यं काढून ती छान आहेत म्हणतो. ‘काहीच कळलं नव्हतं’ आणि ‘भरीव आहे’ ही दोन्ही मतं एकाच भागात, काही पानांच्या अंतराने आहेत. कुठलं खरं, हा प्रश्न चुकीचा. कोणाला, कशाच्या संदर्भात, केव्हा म्हणाला, हे विचारायचं.

‘केव्हा’चं उत्तर ग्रंथातच आहे, आणि बहुतेक वाचक ते ओलांडून जातात. बहुतेक नोंदींच्या शेवटी बारीक अक्षरात एक-दोन अक्षरी नाव असतं. ते टिपणाऱ्या शिष्याचं. ग्रंथाच्या आरंभी नव्वदहून अधिक शिष्यांची यादी आहे आणि बहुतेकांच्या नावापुढे त्याने कोणत्या वर्षी किंवा कोणत्या वर्षापासून ऐकलं ते दिलं आहे. ल्याओ ते-मिंग ११७३ पासून, ये हे-सुन ११९१ पासून, फू क्वांग ११९४ पासून, शन श्यान ११९८ पासून. म्हणून नोंदीखाली शन श्यान असेल तर ते बोलणं चू शीच्या शेवटच्या दोन वर्षांतलं, आणि त्या वेळी दरबाराने त्याच्या शिकवणीला ‘खोटी विद्या’ ठरवून बंदी घातली होती. ल्याओ ते-मिंग असेल तर मात्र बोलणं त्रेचाळिशीतलं की साठीनंतरचं, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. ‘पासून’चा अर्थ तेवढाच. सगळ्यात फसवा छन छुन. तो ११९० मध्ये चू शी चांगचौचा अधिकारी असताना भेटला आणि पुन्हा ११९९ मध्ये. मध्ये नऊ वर्षं. नाव एकच, त्यामुळे त्याच्या नोंदीला एकच साल लावून टाकणं ही नेहमीची चूक.

एकाच बैठकीला दोन शिष्य हजर असतील तर ली चिंग-तेने एकाची नोंद मुख्य ठेवून दुसऱ्याचा पाठ बारीक अक्षरात, ‘अमक्याच्या टिपणात असं’ म्हणून दिला आहे. हे बारीक पाठ गाळणारा अनुवाद निवाड्यांसाठी बाजूला ठेवा. कधी एकाने फक्त निकाल टिपलेला असतो आणि दुसऱ्याने त्याचं कारण.

मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ऐकणाऱ्यांना विचारून गोळा केल्या, पाठभेद जपले. नंतर केशोबासांनी त्यातली वचनं सुटी करून सूत्रपाठ केला, आणि मग कोणतं वचन कोणत्या प्रसंगी उच्चारलं ते सांगायला ‘प्रकरणवश’ लिहावं लागलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या सूत्राचं प्रकरणवश भाग १३७ मध्ये आहे, एवढंच.

यापुढे असं वाक्य आलं की चार गोष्टी पाहा. भाग कोणता? १३७ मध्ये तो विचार जोखतो आणि १३९ मध्ये लेखन, आणि ही दोन खाती तो वेगळी ठेवतो. सू तुंग-पोचं उदाहरण घ्या: त्याचं गद्य स्वच्छ, वेगवान आहे हे कबूल, पण सूच्या मांडणीत लेखन एकीकडे आणि तत्त्व दुसरीकडे पडतं म्हणून झोड. दुसरं, नोंद एकावर आहे की दोघांच्या तुलनेत? तुलनेतला ‘बरा’ हा एरवीचा ‘बरा’ नसतो. तिसरं, बारीक नाव आणि साल. चौथं, चू शीने स्वतःच्या हाताने त्याच विषयावर काय लिहिलं आहे? त्याचा जावई आणि शिष्य ह्वांग कान यानेच म्हटलं होतं की टिपणांत गुरूचा मूळ आशय पुरता उतरला असेलच असं नाही. त्याने स्वतः लिहिलेलं भाष्य आणि शिष्याचं टिपण यांत विरोध आला तर सामान्यतः भाष्याला वजन द्या. टिपण भाष्यानंतरच्या वर्षांतलं असेल तर मात्र थांबून विचार करावा लागतो.

हान यूच्या बाबतीत हे चौथं तपासणं फार उपयोगी पडतं. टिपणांत तो म्हणतो की हान यूला मोठी रूपरेषा दिसली, पण ती आचरणात कशी आणायची ते कळलं नाही. एवढंच वाचलं तर वाटेल त्याला हान यूची पर्वा नव्हती. प्रत्यक्षात म्हातारपणी त्याने हान यूच्या लेखनाच्या वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून शब्द न् शब्द पडताळणारा दहा भागांचा पाठचिकित्सा-ग्रंथ तयार केला. ज्याला मोडीत काढायचं त्याच्यासाठी एवढी डोळेफोड कुणी करत नाही.

आणखी एक खोच. जुनी इंग्रजी पुस्तकं, उदाहरणार्थ पर्सी ब्रूस (१९२२) आणि विंग-त्सित चान (१९६३), बहुतेक उतारे कांगशी बादशहाच्या आज्ञेने झालेल्या ६६ भागांच्या निवडक संकलनातून घेतात. त्यात टिपणं, पत्रं, निबंध एकत्र मिसळले आहेत आणि भागक्रमांक पूर्ण वेगळे आहेत. ‘भाग ४२’ तिथे एक, इथे दुसराच. क्रमांक जुळत नाही म्हणून उतारा बनावट, असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : भाग १२६ मधली बौद्धांवरची टीका वाचून चू शीने बौद्ध ग्रंथ उघडलेच नव्हते असं वाटतं. बरोबर? (सयाजीगंज, बडोदे)

उत्तर : उघडले होते. पंधरा-सोळाव्या वर्षी आपण ध्यानसंप्रदायाच्या नादी होतो, आणि परीक्षेत एका भिक्षूकडून ऐकलेली मतं लिहून उत्तीर्ण झालो, असं तो भाग १०४ मध्ये स्वतःच सांगतो. अंतिम परीक्षा त्याने ११४८ मध्ये, अठराव्या वर्षी दिली. पुढे ली थुंग या गुरूमुळे तो वळला.

तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे, कारण ग्रंथांच्या इतिहासाबद्दल तो चुकतो. ‘बेचाळीस परिच्छेदांचं सूत्र’ तेवढं जुनं, बाकीचं चिनी पंडितांनी लाओत्से, च्वांगत्से, लिएत्से यांच्यावरून रंगवून वाढवलं, असं त्याचं मत. विमलकीर्तीच्या सूत्राबद्दल तर ते पाचव्या-सहाव्या शतकातल्या कुणा चिनी उमरावाने रचलं, असं त्याने ऐकीव सांगितलं आहे. हे त्याच्या काळातही तपासता आलं असतं: त्या सूत्राचा ची च्यान याने केलेला चिनी अनुवाद तिसऱ्या शतकातला आहे आणि कुमारजीवाचा ४०६ चा. आणि १९९९ मध्ये ल्हासाच्या पोताला महालात त्याची संस्कृत पोथीच सापडली. ‘ऐकलं आहे’ हे शब्द त्याच्या नोंदीत आहेत. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्या पदरात घालावा.

त्याच भागात तो बौद्ध मनाच्या शिस्तीबद्दल बोलतो तेव्हा मात्र कान द्या, तिथे तो आतून ओळखीचं बोलतो. लाओत्से-च्वांगत्सेवरच्या भाग १२५ मध्येही तेच. लाओत्सेची युक्ती म्हणजे स्वतःची जागा पूर्ण सुरक्षित झाल्याशिवाय पाऊल न उचलणं. आणि च्वांगत्से हा मोठा पंडित, त्याला सगळं कळत होतं, फक्त काही करायचं नव्हतं. अन्याय आहे, पण न वाचता केलेला नाही.

बडोद्याच्या वाचकाला या वादाची दुसरी बाजू घरच्या घरी आहे. गायकवाड ओरिएंटल सीरिजचा ४९ वा ग्रंथ (१९२९) ज्युसेप्पे तुची यांचा. दिङ्नागापूर्वीचे बौद्ध तर्कग्रंथ चिनी अनुवादांवरून त्यात दिले आहेत. ‘तर्कशास्त्र’ आणि ‘उपायहृदय’ तर चिनीतून परत संस्कृतात उतरवले आहेत. चू शी ज्याला चिनी पंडितांची कारागिरी समजत होता त्या भांडारात संस्कृतातून हरवलेले ग्रंथ होते.

प्रश्न : वाङ्मयचौर्यावर कू यान-वूने लिहिलं आहे असं कळलं. राजशेखराच्या संस्कृत ‘काव्यमीमांसे’शी तुलना करून निबंध लिहिता येईल का? (विद्यार्थिनी, कला शाखा, बडोदे)

उत्तर : येईल, पण जोडी नीट लावा. कू यान-वू (१६१३–१६८२) हाही कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला, पण चू शीहून अगदी वेगळ्या रीतीचा. त्याचं ‘रि-च लू’ हे ३२ भागांचं टिपणपुस्तक बोललेलं नाही, लिहिलेलं आहे. तीसहून अधिक वर्षं दुरुस्त केलेलं. आठ भागांची पहिली आवृत्ती १६७० ची, पूर्ण ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर शिष्य फान लेइ याने १६९५ मध्ये छापला. मांचू राज्यकर्त्यांना झोंबतील असे उतारे त्या छपाईत बदलले किंवा गाळले गेले, त्यामुळे परकीयांच्या राज्याबद्दल त्याचं मौन दिसलं तर ते त्याचं समजू नका. आजच्या आवृत्त्या बहुधा ह्वांग रु-छंगच्या १८३४ च्या सटीप संकलनावर उभ्या असतात. इयान जॉन्स्टन यांचा निवडक इंग्रजी अनुवाद कोलंबिया विद्यापीठाने काढला आहे.

‘पुस्तकं चोरणं’ ही नोंद भाग १८ मध्ये आहे. हान काळातले लोक स्वतःचं लेखन प्राचीनांच्या नावावर खपवत, नंतरचे दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर, आणि मिंग काळातली पुस्तकं म्हणजे निव्वळ चोरी, असा तो उतरता आलेख काढतो. याच भागात ली चिह या मिंग काळातल्या विचारवंतावर त्याने ओढलेले कोरडे आहेत. या नोंदीला राजशेखराच्या अर्थहरणाशी, म्हणजे दुसऱ्या कवीचा आशय उचलण्याच्या विवेचनाशी, जोडू नका. ‘काव्यमीमांसे’चे ११ ते १३ हे अध्याय कारागिराचे आहेत: प्रतिबिंबकल्प (आरशातल्या प्रतिबिंबासारखं), आलेख्यप्रख्य (चित्रासारखं), तुल्यदेहितुल्य (सारख्या दिसणाऱ्या दोन देहांसारखं), परपुरप्रवेशसदृश (परक्या देहात शिरल्यासारखं) अशा पायऱ्या लावून उसनवारी कुठवर चालते ते तो मोजतो. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, हे मिस्कील वचनही तिथलंच. खरी जोडी आहे कूच्या भाग १९ मधल्या ‘नक्कल करण्याचा रोग’ या नोंदीशी. तिथे दोघंही एकाच प्रश्नाला भिडतात, राजशेखर सूट देतो आणि कू देत नाही. निबंध तिथे उभा राहील.

‘काव्यमीमांसा’ हा गायकवाड मालेचा पहिला ग्रंथ, १९१६ चा. छापील प्रत हाताशी ठेवा. राजशेखराचा पणजोबा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणत, ही माहिती निबंधाला नको असली तरी वाचायला बरी.

प्रश्न : अशी टिपणं स्वतः ठेवायची असतील तर पद्धत काय? माझ्या वह्या भरल्या आहेत, पण हवं ते सापडत नाही. (रावपुरा, बडोदे)

उत्तर : वही सोडा, पोस्टकार्डाच्या मापाची सुटी कार्डं घ्या. एका कार्डावर एकच निवाडा. वर डाव्या कोपऱ्यात ज्याच्याबद्दल मत आहे त्याचं नाव, उजवीकडे भाग आणि पान (१९८६ च्या पेइचिंग आवृत्तीच्या आठ पुस्तकांत पानक्रमांक सलग आहेत, त्यामुळे पुस्तकाचा क्रमांक नाही लिहिला तरी चालतं). मध्ये मत, तुमच्या शब्दांत, तीन ओळींत. खाली टिपणाऱ्याचं नाव आणि साल. मागच्या बाजूला तुमचं स्वतःचं मत, पेन्सिलीने. पुढच्या बाजूवर स्वतःचा एक शब्दही घालू नका. सहा महिन्यांनी कोणतं कोणाचं ते कळत नाही, आणि वह्यांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

कार्डं कालानुक्रमे लावू नका, व्यक्तीनुसार लावा. विरोधी निवाडे शेजारी आले की काम आपोआप सुरू होतं.

दुसरी गोष्ट छाटणीची. कूचा नियम असा होता की आपलं मत आधीच कुणी मांडलेलं आढळलं तर आपली नोंद काढून टाकायची. एका पत्रात तो म्हणतो की हल्लीचे लोक जुनी नाणी मोडीत घेऊन नवी पाडतात, पूर्वीचे डोंगरातून तांबं खणत. आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ वाचून आपल्या हाती दहा-पंधरा नोंदीच आल्या, असं त्याने लिहिलं आहे. म्हणून वर्षाअखेर पेन्सिलीची बाजू तपासा. तुमचं मत आधीच्या कुणाचं निघालं तर ते खोडून तिथे त्याचं नाव आणि पान लिहा, पण कार्ड फेकू नका. पुढची बाजू चू शीची आहे, ती तशीच कामाची राहते.